हप्ता स्वस्त, चूक महाग
(प्रस्तावना)

वाशीमहून रिसोडकडे निघाले की वाटेत रिठद लागते. तहसील आणि बाजार समितीसाठी रिसोड. जिल्हा रुग्णालय, कोर्ट आणि गाडीच्या पासिंगसाठी वाशीम. गावाचे सगळे जाणेयेणे या एकाच रस्त्याने. सकाळी कॉलेजची पोरे एका मोटारसायकलवर तिघे-तिघे दिसतात, दुपारी मजुरांनी भरलेले पिकअप जातात, सोयाबीनच्या हंगामात रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या निघतात आणि तुरीच्या पाट्यातून एखादा रोही अचानक आडवा येतो. एमएच ३७ च्या गाड्यांच्या जोडीला शेजारच्या बुलडाणा आणि हिंगोलीच्याही गाड्या असतात. यातल्या कोणत्या गाडीचा विमा चालू आहे आणि कोणत्या गाडीचा संपला आहे, हे समोरून येणाऱ्याला कळत नाही. कळते ते अपघात झाल्यावर, आणि तेव्हा कळून काही उपयोग नसतो.

ते आधी कळावे म्हणून ही पुस्तिका आहे. अपघात आणि बेदरकार गाडी चालवणे यांचा विम्याशी काय संबंध आहे, हे तिने रिठदसारख्या गावातल्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगितले आहे. विषय वकिलांचा आणि कंपन्यांचा मानला जातो, म्हणून त्यावर मराठीत लिहिले जाते ते बहुधा जाहिरातीच्या सुरात तरी असते, नाही तर कलमांच्या जंजाळात तरी. मोटारसायकल, ट्रॅक्टर, काळीपिवळी आणि एखादी जुनी कार एवढाच ज्याच्या घरचा किंवा शेजारचा वाहनसंसार, त्या माणसासाठी फारसे कोणी लिहीत नाही. त्याचे विम्याविषयीचे मत मात्र ठरलेले असते. आमच्या भागात ते असे ऐकू येते : "इन्शुरन्स कायले पाह्यजे? पोलिसानं धरलं तं दाखवाले कागद, बस."

हे मत हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्याला अनुभवाचा आधार आहे. विमा नसल्याचा दंड पहिल्यांदा २,००० रुपये आणि दुसऱ्यांदा ४,००० रुपये. कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे, पण ती झाल्याचे कोणाच्या पाहण्यात नसते. बहुतेकांचा विम्याशी संबंध येतो तो नाक्यावर. त्यामुळे हप्ता म्हणजे दंड टाळण्याचा खर्च, असे गणित डोक्यात पक्के बसते. ते किती घातक आहे हे दाखवणे, हा या पुस्तिकेचा गाभा आहे. आपल्याकडे वाईट चालवण्याची किंमत हप्त्यात फारशी दिसत नाही; ती दाव्याच्या वेळी, एकरकमी आणि व्याजासह वसूल होते. मला या प्रस्तावनेत एवढाच मुद्दा मांडायचा आहे.

थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. मोटार वाहन कायदा पहिल्यांदा १९३९ साली आला आणि त्यातली सक्तीच्या विम्याची तरतूद १९४६ पासून अमलात आली. मागचा विचार साधा होता. रस्त्याने चालणाऱ्याला कोणी उडवले, तर उडवणारा कफल्लक निघाला म्हणून मेलेल्याच्या घरच्यांनी उपाशी राहू नये. १९५६ च्या दुरुस्तीने अशा दाव्यांसाठी वेगळ्या न्यायाधिकरणाची सोय झाली. पुढे १९८८ चा कायदा आला, १ जुलै १९८९ पासून तो लागू झाला आणि त्याच्या कलम १४६ ने ही सक्ती कायम ठेवली. थोडक्यात, ज्याला आपण थर्ड पार्टी म्हणतो तो विमा आपण भरतो. पण तो आपल्यासाठी नसतो, आपल्या गाडीखाली सापडणाऱ्यासाठी असतो. फुल इन्शुरन्स किंवा फर्स्ट पार्टी म्हणून जे विकले जाते, त्यात या सक्तीच्या भागाला आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग जोडलेला असतो. हे दोन भाग वेगळे आहेत, त्यांचे नियम वेगळे आहेत आणि अपघाताचा परिणामही दोघांवर वेगवेगळा होतो. निम्मा घोटाळा हा फरक न कळल्याने होतो.

आधी सक्तीचा भाग. त्याचा दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या मोटारसायकलला वर्षाला ७१४ रुपये, १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २,०९४, १००० ते १५०० सीसीच्या कारला ३,४१६ आणि त्यावरच्या कारला ७,८९७ रुपये पडतात, कर वेगळा. या दरपत्रकात इंजिन आहे, चालवणारा नाही. गेल्या वर्षी दोन माणसांना उडवणारा आणि वीस वर्षांत कोणाला ओरखडाही न काढणारा, दोघांच्या मोटारसायकलला तेच ७१४ रुपये. नव्या गाडीबरोबर हा विमा कारला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून ही पद्धत सुरू झाली. तो पाच वर्षांनी संपतो तेव्हा शोरूमचे बिल कुठे ठेवले हेही आठवत नाही, आणि गाडी बिनविम्याची फिरू लागते. देशातली निम्म्याच्या आसपास वाहने अशीच फिरत असल्याचे संसदेपुढेही आले आहे.

आता ७१४ रुपयांच्या मागे काय उभे असते ते पाहू. समजा, या रस्त्यावर एका मोटारसायकलच्या धडकेने बत्तीस वर्षांचा गवंडी गेला. महिन्याची कमाई १५,००० रुपये. मागे बायको, दोन मुले आणि आई. वाशीमच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लागला, तर हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांप्रमाणे होतो, २००९ चा सरला वर्मा आणि २०१७ चा प्रणय सेठी. वर्षाची कमाई १,८०,०००. चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्या माणसाची पुढे कमाई वाढली असती, म्हणून त्यात ४० टक्के भर, झाले २,५२,०००. अवलंबून असलेले चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा, उरले १,८९,०००. बत्तिसाव्या वर्षाचा गुणक १६. गुणाकार केला की ३०,२४,००० रुपये येतात. अंत्यविधी, घरच्यांचे सहवासाचे नुकसान वगैरे रकमा यावर, आणि दावा दाखल झाल्यापासूनचे व्याज त्याच्यावर.

पॉलिसी चालू असेल आणि अटी पाळलेल्या असतील, तर हे तीस लाख कंपनी भरते. मृत्यू आणि इजा यांच्या भरपाईला थर्ड पार्टी विम्यात वरची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला आहे, दुचाकीला १ लाख आणि कारला साडेसात लाख. पॉलिसी नसेल तर तीच रक्कम गाडीच्या मालकाच्या अंगावर येते. कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचे प्रमाणपत्र देऊ शकते, आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. चार एकर कोरडवाहू असलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ७१४ रुपये वाचवले आणि सातबारा पणाला लावला, असा तो व्यवहार आहे.

पुढचा भाग मला पुस्तिकेतला सर्वांत मोलाचा वाटतो. पॉलिसी असूनही कंपनी हात केव्हा वर करते? इथे एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. गाडी जोरात चालवली, चूक आपली होती, म्हणून विमा मिळत नाही, असे नसते. विमा मुळात चुकीसाठीच असतो; कलम १६६ खालच्या दाव्यात तर चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो, तेव्हा भरपाई मिळते. विमा तुटतो तो पॉलिसीची अट मोडल्याने. आणि बेदरकारपणे चालवणाऱ्या माणसाकडून अटीही मोडल्या जातात, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात.

पहिली अट लायसन्सची. मालकाने लायसन्स नसलेल्या माणसाच्या हाती गाडी दिली, की त्याची बाजू लंगडी झाली. २००४ च्या स्वर्ण सिंह निकालाने मार्ग काढला तो असा : मेलेल्याच्या घरच्यांना कंपनीने आधी पैसे द्यावेत, आणि मालकाने अट मोडल्याचे सिद्ध झाले असेल तर ते त्याच्याकडून वसूल करावेत. बळी पडलेल्या घराला याने दिलासा मिळाला, गाडीमालकाला नाही. दारू पिऊन चालवणे हे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या पॉलिसीत पूर्वीपासूनच वगळलेले होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते थर्ड पार्टी दाव्यातही कंपनीच्या बचावाच्या यादीत आले आहे. आणि अठराच्या आतल्या पोराच्या हाती चावी दिली तर कलम १९९ अ लागू होते : पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. विम्याचे प्रकरण त्यापुढे वेगळे चालते.

दुसरी अट गाडीच्या वापराची, आणि ग्रामीण भागात सर्वांत जास्त मोडली जाते ती हीच. शेतीसाठी विमा उतरवलेल्या ट्रॅक्टरवर कायद्याने बसण्याची जागा एकाची, चालकाची. आपण त्याच्या ट्रॉलीत वऱ्हाड नेतो, मयतीला माणसे नेतो, निंदणाला बाया नेतो. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला पिकअप भरून निघतात. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाड्याने बसवलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या आशा राणी प्रकरणात स्पष्ट केले. काही प्रकरणांत न्यायालये दया दाखवून 'आधी द्या, मग वसूल करा' असा आदेश देतात. पण दयेवर भिस्त ठेवून ट्रॉली भरायची नसते. ट्रॉली उलटते तेव्हा मेलेले आणि जखमी बहुधा आपल्याच गावचे, आपल्याच भावकीतले असतात. भरपाई मागणारा चुलता आणि देणारा पुतण्या, असे दावे उभे राहतात आणि दोन्ही घरे बसतात.

तिसरी गोष्ट पॉलिसीच्या अटीपेक्षा मालकीची आहे. मोटारसायकल विकली, पैसे घेतले, चावी दिली, आणि आरसी नावावर करायची राहून गेली. घेणाऱ्याने ती पुढे तिसऱ्याला विकली. दोन वर्षांनी तिच्याने अपघात झाला, विमा संपलेला होता, आणि नोटीस आली मूळ मालकाला. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या नवीन कुमार निकालात हा प्रश्न निकालात काढला : नोंदीत ज्याचे नाव, तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. गावात स्टँपपेपरवर झालेल्या व्यवहाराला या बाबतीत ढालीचे काम करता येत नाही.

आता स्वतःच्या जिवाकडे वळू. आपल्या चुकीने आपणच गेलो तर घरच्यांना काय मिळते? लोकांना वाटते, विमा आहे म्हणजे मिळेलच काहीतरी. कर्नाटकातल्या एका प्रकरणात एक माणूस कार बेदरकारपणे चालवत होता. गाडी उलटून तो गेला. घरच्यांनी ८० लाखांचा दावा केला होता. २ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला : स्वतःच्या बेदरकारपणामुळे मरण पावलेल्या माणसाच्या वारसांना अशी भरपाई मिळणार नाही. मित्राची मोटारसायकल मागून नेली आणि स्वतःच पडलो, तरी तोच प्रकार. २०२० च्या रामखिलाडी निकालाप्रमाणे मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा असतो, तो तिसरा पक्ष होत नाही. रात्री रोही आडवा आला आणि गाडी घसरली, तर दावा लावायला समोर कोणी नसतेच.

अशा वेळी कामाला येते ते मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षण, १५ लाखांचे. ते २०१८ पासून या रकमेचे झाले. त्यात मृत्यू आणि कायमचे अपंगत्व येते. पण मालक स्वतः गाडीवर असला पाहिजे आणि त्याचे लायसन्स चालू असले पाहिजे. हप्ता कमी दाखवण्यासाठी हा भाग काढून टाकलेल्या पॉलिसी सर्रास दिसतात. आपल्या पॉलिसीवर 'पीए कव्हर' या ओळीपुढे रक्कम छापली आहे की नुसती रेघ, एवढे वाचता आले तरी पुस्तिकेची किंमत वसूल झाली.

दुचाकीबद्दल इतके लिहिले त्याला कारण आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात ४,६१,३१२ अपघात झाले, १,६८,४९१ माणसे गेली, महाराष्ट्रात १५,२२४. मृतांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा होता. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९. दहा मृत्यूंपैकी सातांमागे अतिवेग. समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातून जाऊ लागल्यापासून अपघाताच्या बातम्यांत वेग हा शब्द वारंवार येतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून पंचवीस प्रवासी गेले, ती आठवण अजून ताजी आहे. पण गावातली बरीचशी मरणे महामार्गावर होत नाहीत. ती घरापासून चार-पाच किलोमीटरवर होतात, ओळखीच्या वळणावर.

आता विम्याचा दुसरा भाग, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. इथे दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांवर सोपवलेले आहेत, आणि इथेच काय तो अपघाताचा परिणाम हप्त्यावर दिसतो. त्याचे नाव नो क्लेम बोनस. एक वर्ष दावा नाही केला तर या भागाच्या हप्त्यात २० टक्के सूट; पुढे २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. एक दावा केला की सूट शून्यावर. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, तरीही शून्यावर. ही सूट गाडीची नसते, माणसाची असते. जुनी कार विकून नवी घेतली तर ती सोबत नेता येते, हे फार थोड्यांना माहीत असते.

पुस्तिकेतल्या एका उदाहरणाच्या धर्तीवर मी स्वतः हिशेब मांडून पाहिला. कारच्या या भागाचा मूळ हप्ता ८,००० रुपये आणि सूट ५० टक्के, म्हणजे भरायचे ४,०००. पुढचा बंपर फुटला, नव्याची किंमत ५,०००. प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापला जातो, उरले २,५००. १५०० सीसीपर्यंतच्या कारला मालकाने सोसायचा सक्तीचा वाटा १,०००. हाती आले १,५००. आणि गमावले काय? पहिल्या नूतनीकरणाला पूर्ण ५० टक्के सूट गेली, म्हणजे ४,००० जादा. नंतर सूट पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी चढत जाताना दरवर्षी अनुक्रमे २,४००, २,०००, १,२०० आणि ४०० जादा. बेरीज १०,०००. दीड हजारासाठी दहा हजार. मूळ हप्ता वर्षागणिक बदलतो, तेव्हा आकडे थोडे इकडेतिकडे होतील. दिशा बदलणार नाही. किरकोळ ठोकर लागली तर आधी गॅरेजमध्ये खर्च विचारावा, मग दाव्याचे पाहावे. मोठे नुकसान झाले तर मात्र बिनदिक्कत दावा करावा. विमा त्यासाठीच घेतलेला असतो.

ही सूट टिकवण्यासाठी एक खोटेपणा चालतो, त्याबद्दलही पुस्तिका स्पष्ट बोलते. कंपनी बदलताना मागच्या वर्षी दावा नव्हता असे लिहून दिले जाते. कधी मालकाला पत्ताही नसतो, एजंटाने परस्पर खूण केलेली असते आणि हजार-पाचशे वाचवून दिल्याचे श्रेय घेतलेले असते. पुढे मोठा दावा आला की नवी कंपनी जुन्या कंपनीकडून माहिती मागवते, आणि नेमक्या गरजेच्या वेळी दावा नाकारला जातो किंवा रक्कम कापली जाते. तेल गेले, तूप गेले.

आपली पद्धत न्याय्य आहे का, हाही प्रश्न पुस्तिका विचारते आणि तो विचारायलाच हवा. फ्रान्समध्ये हप्ता चूक कोणाची यावर हलतो. एक वर्ष विनाअपघात गेले तर हप्त्याला ०.९५ ने गुणतात, आपल्या चुकीने अपघात झाला तर १.२५ ने, खाली निम्म्यापर्यंत आणि वर साडेतीन पटीपर्यंत. आपल्याकडे उभ्या कारला दुसऱ्याने येऊन ठोकले आणि आपण आपल्या पॉलिसीतून दुरुस्ती केली, तरी सूट आपलीच जाते. उलट, माणसाला उडवून थर्ड पार्टी दावा अंगावर आला, तर या सूटीला धक्का लागत नाही, कारण ती फक्त स्वतःच्या नुकसानीच्या भागाची. बंपरची शिक्षा आहे, माणसाची नाही. विमा नियामकाच्या एका कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये वाहतूक नियमभंगाचे गुण हप्त्याशी जोडण्याची शिफारस केली होती : दारू पिऊन चालवण्याला १०० गुण, चुकीच्या पार्किंगला १०, सुरुवात दिल्लीतून करावी. जुलै २०२२ मध्ये नियामकाने 'जेवढे चालवाल तेवढे भरा' आणि 'जसे चालवाल तसे भरा' या धर्तीच्या जोड-पॉलिसींना मोकळीक दिली. पण या जोड-पॉलिसी ज्याच्याकडे फुल इन्शुरन्स आहे त्याच्यापुरत्या. रिठदच्या रस्त्यावरच्या शंभर सीसीच्या मोटारसायकलला अजून तरी हप्त्यातून कोणी शिस्त लावणार नाही.

अपघातानंतर काय करायचे, या प्रकरणाला पुस्तिकेने पुरेशी जागा दिली आहे, म्हणून मी त्यावरून लवकर पुढे जातो. एवढेच नोंदवतो, की आपल्याकडे अपघातानंतरची पहिली हालचाल तडजोडीची असते. चार माणसे बसतात, दहा-वीस हजार ठरतात, पोलिसांत जायचे नाही असे ठरते. महिन्याने पाय वाकडा जुळल्याचे कळते, आणि तोवर ना पंचनामा, ना दवाखान्याचा अपघाताचा कागद. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनी पोलिसांवर ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे देण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि त्याच तारखेपासून भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा लागतो. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर इजेला ५०,००० रुपयांची तरतूद आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेप्रमाणे जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता मिळायला हवेत. यातले काहीच, अपघाताची नोंद नसेल तर हाती लागत नाही.

पुस्तिकेत एक उणीव मला जाणवली, तीही सांगतो. तिचा रोख गाडीमालकाच्या चुकांवर आहे आणि तो योग्यच आहे. पण दुसऱ्या बाजूचे माप तिने थोडे हलके घातले आहे. छापील अटी इंग्रजीत असतात, त्या गावच्या माणसाला कोणी वाचून दाखवत नाही. पॉलिसी मोबाइलवर येते आणि मोबाइल बदलला की हरवते. खड्डा, बुजलेली साइडपट्टी आणि न दिसणारा गतिरोधक यांचा जाब चालकाला विचारला जातो, रस्ता करणाऱ्याला क्वचितच. न्यायाधिकरणातला दावा वर्षानुवर्षे चालतो. कंपनीने अपील केले की प्रकरण नागपूर खंडपीठात जाते, आणि तारखेला जाण्याइतकेही पैसे नसलेले घर लोकअदालतीत मिळेल त्यावर सही करते. पुढच्या आवृत्तीत या गोष्टींना एक स्वतंत्र प्रकरण मिळावे.

तरीही, हाती आहे त्याचे मोल कमी होत नाही. कायदा बदलणे, दर बदलणे, रस्ते सुधारणे आपल्या एकट्याच्या हातात नाही. आपल्या हातात आहे ते वेग कमी ठेवणे, पिऊन गाडीला हात न लावणे, पोराला चावी न देणे, ट्रॉलीत माणसे न भरणे आणि कागद जागेवर ठेवणे. यातली एकही गोष्ट हप्त्याची पावती आपल्याला शिकवत नाही, कारण तिच्यावर सगळ्यांसाठी सारखाच आकडा छापलेला असतो. म्हणून ती माणसांनी माणसांना सांगावी लागते, आणि ते काम ही पुस्तिका नीट करते. ग्रामपंचायतीत, शाळेत, बचत गटाच्या बैठकीत ती मोठ्याने वाचली जावी. विशेषतः घरातल्या बायांनी ती वाचावी. अपघातानंतर कोर्टाची पायरी बहुतेक वेळा त्यांनाच चढावी लागते, आणि पॉलिसी कुठे ठेवली आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

वाचकाला विनंती एकच. पहिले प्रकरण सुरू करण्याआधी घरातल्या प्रत्येक गाडीची पॉलिसी काढा आणि तीन गोष्टी पाहा : पॉलिसी संपण्याची तारीख, चालवणाऱ्याच्या लायसन्सची तारीख आणि आरसीवरचे नाव. तिन्ही जुळत असतील तर निवांत वाचा. एखादी जुळत नसेल, तर पुस्तिका नंतर वाचली तरी चालेल; आधी ते काम करा, आणि होईपर्यंत गाडी दारात उभी ठेवा.